पापण्या सुजलेलं मूल आणि शंभर पानी वही: नेफ्रोटिक सिंड्रोम घरी कसा सांभाळावा

मूल सकाळी उठतं ते पापण्या टम्म फुगवून, दुपारपर्यंत सूज ओसरते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरोघरी पहिला अंदाज ठरलेला: रात्री काहीतरी चावलं असेल. आमचाही आठवडा ॲलर्जीच्या औषधात गेला. पावलंही सुजली, लघवीवरचा फेस विरेना, तर थांबू नका. त्याच दिवशी लघवी तपासा.

नेफ्रोटिक सिंड्रोम या आजारात मूत्रपिंडाची गाळणी सैल होते, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे जातं आणि अंगात पाणी साठतं. बहुतेक लहान मुलांना प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळीने गुण येतो, पण आजार उलटण्याचीही सवय ठेवावी लागते. म्हणून वही.

रोज सकाळची पहिली लघवी स्वच्छ भांड्यात घ्या. प्रथिनं तपासायची पट्टी बुडवून लगेच काढा, पट्ट्यांच्या डबीवर लिहिलेली वेळ मोजा, मग खिडकीपाशी डबीवरच्या रंगांशी रंग जुळवा. बल्बच्या उजेडात फसगत होते. पिवळी राहिली तर प्रथिनं नाहीत, हिरवी होत गेली तर वाढताहेत. डबीचं झाकण घट्ट लावा. खानापूरच्या पावसाळी दमट हवेत पट्ट्या खराब व्हायला वेळ लागत नाही. वहीत तारीख, डबीवर जुळलेल्या रंगापुढच्या प्लसच्या खुणा, वजन, गोळीचा डोस आणि सर्दी-ताप लिहा. डॉक्टर कन्नड बोलणारे असले तरी हे पान त्यांना लगेच वाचता येतं.

सलग ३ दिवस ३ प्लस किंवा त्याहून जास्त आलं, तर आजार उलटला समजून डॉक्टरांना कळवा. सर्दी-खोकल्यानंतर हे बऱ्याचदा होतं.

गोळी खाऊन चेहरा गोल होतो, भूक वाढते, शेजारीपाजारी बोलतात. तरी गोळी मनाने बंद करू नका. अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं. सूज असताना पापड, लोणचं, फरसाण बंद, खर्ड्यातही मीठ अगदी बेताचं. डाळ, अंडं नेहमीइतकंच. जादा प्रथिनांच्या पावडरी नकोत. आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. लस द्यायच्या आधी स्टेरॉइड चालू असल्याचं सांगा, काही लसी तेव्हा टाळतात.

ताप आणि पोटदुखी एकत्र आली, धाप लागली, लघवी फारच कमी झाली किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर सकाळच्या बसची वाट पाहू नका. रात्रीच गाडी करून दवाखाना गाठा, वही सोबत घ्या.