जीसीसीशिवाय पण बिल्ड होतंय का, एकदा बघाच

१९८७ पासून जीसीसी हा कंपायलर, म्हणजे सी कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं टूल, आहे आणि लिनक्सवर सी लिहिणारे आपण बहुतेकजण त्याच्यावरच विसंबून असतो, उपकारच आहेत त्याचे, पण आपला कोड एकाच कंपायलरला बांधला गेला की त्यातल्या चुका पण लपून राहतात. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नलसुद्धा कित्येक वर्षं जीसीसीशिवाय बिल्ड व्हायचा नाही, आता क्लँग या दुसऱ्या कंपायलरने होतो, पण त्यासाठी लोकांना खूप राबावं लागलं.

तर आधी मेक क्लीन (make clean) करून जुन्या बिल्डच्या फाइल्स काढा, मग क्लँगने बिल्ड करायला मेक सीसी=क्लँग (make CC=clang) द्या. मेकफाइलच्या, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलच्या, रूलमध्ये कुणी थेट जीसीसी लिहून ठेवलं असेल तर याचा काही उपयोग नाही, तिथे सीसी व्हेरिएबल टाका. मग एरर येतील. फंक्शनच्या आत फंक्शन लिहिलेलं असेल तर ते क्लँग घेतच नाही, बाहेर काढा आणि लागणारी व्हॅल्यू पॅरामीटरने पाठवा. जीसीसीवर पेडँटिक फ्लॅग (-pedantic, सीच्या स्टँडर्डबाहेरच्या गोष्टींवर वॉर्निंग देणारा) लावला तर अशा बऱ्याच जागा आधीच कळतात.

सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे __जीएनयूसी__ (__GNUC__) मॅक्रो, कंपायलर जीसीसी आहे का आणि कुठल्या व्हर्जनचा हे कोडमध्ये बघायला तो वापरतात, पण तो क्लँगसुद्धा डिफाइन करतो आणि वर व्हर्जन ४.२.१ सांगतो, म्हणजे व्हर्जन बघून घेतलेले निर्णय हमखास चुकतात. त्यापेक्षा __हॅज_बिल्टिन (__has_builtin) किंवा __हॅज_ॲट्रिब्यूटने (__has_attribute) थेट ते फीचर आहे का तेच विचारा.

शेवटी सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या व्यवस्थेत, दोन्ही कंपायलरचे जॉब लावा आणि टेस्टही दोन्हीकडे चालवा, नुसतं कंपाइल झालं म्हणून सोडू नका.