विज्ञानकथेतून खरा प्रश्न मांडताना या चुका टाळा

गेली काही वर्षे मी सांगलीतल्या नवोदितांच्या विज्ञानकथा वाचतो आहे आणि त्यांतल्या बहुतेक एकाच ठिकाणी फसतात. प्रश्न आपल्या मातीतला असतो, पण तो सोडवायला शेवटच्या पानावर एखादे यंत्र येते.

ही चूक मीही केली आहे. २०१९च्या महापुरानंतर लिहिलेल्या माझ्या कथेत आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती चढणार, हे आठ दिवस आधी अचूक सांगणारे यंत्र होते आणि त्यामुळे सारे गाव वेळेत बाहेर पडत होते. कथा वाचून झाल्यावर नदीकाठच्या एक आजी म्हणाल्या, "आकडे आम्हालाबी कळत होते की. पण २००५चं पाणी आमच्या तिसऱ्या पायरीवर थांबलं होतं, म्हणून आम्ही घरातच बसलो." पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, २००५ मध्ये पाणी ५३ फुटांपुढे गेले होते, २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर चढले. आजींना जुन्या खुणेचा भरवसा होता आणि गोठ्यातल्या म्हशींना सोडून त्यांचा पाय निघत नव्हता. पुनर्लेखनात मी यंत्र ठेवले, त्याचा आकडाही अचूक ठेवला. मात्र घरमालक चौकटीवर खिळ्याने ओढलेल्या २००५च्या रेघेवर बोट ठेवून बसून राहिला. यंत्र जरूर आणा, पण ते आल्यावरही जी अडचण उरते तिच्यावर कथा लिहा.

कथेच्या शेवटी शास्त्रज्ञाच्या तोंडी भाषण घालू नका. परग्रहावरही माणसे टँकरचीच वाट पाहणार असतील, तर कथा आपल्या दुष्काळी जत तालुक्यातच घडू द्या.

दुसरी मोठी चूक म्हणजे एकाच कथेत सारे जग बदलून टाकणे. मी वहीत बदललेला नियम एकाच वाक्यात लिहितो. उदाहरणार्थ, पाणी विकता येते, पण कोणाला फुकट देता येत नाही. मग आठवडाभर केवळ टाचणे काढतो. पाहुण्यापुढे तांब्या ठेवण्याआधी सून दार लोटून घेते. शाळेत डबा खाताना मुलगी मैत्रिणीच्या बाटलीकडे पाहणे टाळते. नवोदितांना हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो आणि ते थेट शेवटाकडे धावतात. ही घाई मला मान्य नाही, कारण दार लोटणारी ती सून मला कथानक रचताना कधीच सुचली नसती. ज्या टाचणाने मीच अस्वस्थ झालो असेन, तिथून मी कथेचे पहिले वाक्य लिहितो.