पेटीतलं बाळ घरी यायच्या आधीची तयारी

आमची मुलगी ३१ व्या आठवड्यात झाली, १४२० ग्रॅमची, ३४ दिवस काचेच्या पेटीत होती. डिस्चार्जचं बोलणं सुरू झालं तेव्हा मी जी यादी केली ती सगळी दुकानातली, झबली, दुपटी, लंगोट, मच्छरदाणी. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, सिस्टरनी ती वाचली आणि विचारलं, घरात माणसं किती? सासू-सासरे, दीर-जाऊ आणि बालवाडीत जाणारा आमचा मोठा धरून सात. म्हणाल्या, मग यादी माणसांची कर गं, कपडे कुणीही आणून देईल.

कारण असं की आईकडून नाळेतून मिळणारी अँटीबॉडी बाळाकडे जास्त करून शेवटच्या तीन महिन्यांत जाते, आणि आपली बाळं ते महिने पुरे व्हायच्या आधीच बाहेर आलेली, म्हणजे तो साठाच अपुरा, वरून श्वासनळ्या इतक्या बारीक की जराशी सूज आली, शेंबूड साठला की हवेला वाट राहत नाही. आरएसव्ही नावाचा व्हायरस आहे, मोठ्या माणसाला बहुतेक वेळा त्याची नुसती सर्दी होते, तो मनुष्य ऑफिसलाही जातो, पण त्याच सर्दीने कमी दिवसांच्या बाळाला परत ऑक्सिजनवर जावं लागू शकतं. आपल्याकडे पावसाळा आणि थंडी हे दोन्ही दिवस जपायचे.

म्हणून पहिलं काम, बाळ घरी यायच्या निदान दोन आठवडे आधी घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यायची, तिचा असर व्हायला तेवढे दिवस लागतात, आणि बाळाला स्वतःला ती ६ महिन्यांनंतरच देता येते. डांग्या खोकल्याच्या लसीचंही तेव्हाच डॉक्टरांना विचारून घ्या. आमचे सासरे आधी तयार नव्हते, मला काय झालंय म्हणाले, मग त्यांना एनआयसीयूच्या काचेतून नात दाखवली, दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन घेऊन आले.

मग बारसं. बाराव्या दिवशी बाळ पेटीतच होतं, त्यामुळे घरी आल्याआल्या करूया असं सगळ्यांचं म्हणणं, पण कृपा करून घाई करू नका. जुन्या बायका सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत कुणाला येऊ द्यायच्या नाहीत, ती पद्धत मला आता फार शहाणपणाची वाटते, फक्त आपला सव्वा महिना जन्मापासून नाही, घरी आल्याच्या दिवसापासून मोजायचा. नातेवाइकांना नाही म्हणायचं काम नवऱ्याने करावं, बाळंतिणीवर टाकू नये, आणि ते आधीच फोन करून सांगावं, दारात आलेल्या आत्याला परत पाठवणं कुणालाच जमत नाही. जे येतीलच त्यांनी अंगठ्या-बांगड्या काढून कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, पापा घ्यायचा नाही, आणि नाक वाहत असेल तर व्हिडिओ कॉल.

मोठ्या भावंडाचं अवघड असतं, त्याला लांब ठेवलं की तो हिरमुसतो. आमच्याकडे ठरलं होतं, शाळेतून आला की हातपाय-तोंड धुवून कपडे बदलायचे, मग बाळाच्या पावलांना हात लावायचा, तोंडाला नाही, आणि सर्दी झाली की आजीजवळ झोपायचं. आईलाच सर्दी झाली तर मास्क लावून, हात धुवून पाजत राहायचं, दूध तोडायचं नाही, त्या दुधातूनच बाळाला संरक्षण मिळतं. ओढायची ताकद नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या, भांडी प्रत्येक वेळी उकळून. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात १९८९ मध्ये आशियातली पहिली मिल्क बँक निघाली ती अशाच बाळांसाठी, यावरून आईच्या दुधाची किंमत समजावी. कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं, घरीही चालू ठेवा, बाबांच्या छातीवरही चालतं.

आता नाजूक विषय, आंघोळ घालणाऱ्या मावशी. त्यांच्याशी पहिल्या दिवसाआधी बसून बोला. नाकात तेलाचे थेंब सोडायचे नाहीत, ते फुफ्फुसात उतरतं. तोंडाने फुंकर मारून नाक मोकळं करायचं नाही. शेगडीवर ओवा-धूप टाकून धुरी अजिबात नाही, पावडर नाही, छातीपाशी कापराची पोटली नाही, बाळगुटी नाही. आमच्या मावशी चाळीस वर्षं हेच करत आलेल्या, त्यांना वाईट वाटलं, पण मी सांगितलं की मावशी, हिची फुफ्फुसं अजून कच्ची आहेत, मग त्यांनी स्वतःच शेगडी गॅलरीत नेऊन ठेवली. कॉइल, अगरबत्ती बंद, आणि सिगारेट गॅलरीतही नको, धूर कपड्यांना धरून आत येतो.

डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारायच्याच. एक, आरएसव्हीपासून वाचवणारं अँटीबॉडीचं इंजेक्शन आमच्या बाळाला लागेल का, मिळेल का, खर्च किती. पॅलिव्हिझुमॅब सीझनमध्ये दर महिन्याला घ्यावं लागतं, निर्सेव्हिमॅब एका सीझनला एकदाच. दुसरी, लसीकरणाच्या तारखा, कारण ६, १०, १४ आठवडे हे खऱ्या जन्मतारखेपासूनच मोजायचे, बाळ लवकर झालं म्हणून पुढे ढकलायचं नसतं. यात न्यूमोनियाची पीसीव्हीही येते, ती ६ आणि १४ आठवड्यांना, मग ९ महिन्यांना, सरकारी दवाखान्यात फुकट.

आणि श्वास मोजायला शिकून या. बाळ शांत झोपलेलं असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं, अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नका, या बाळांचा श्वास थांबून थांबून चालतो. ६० किंवा जास्त आले तर परत मोजा, परत तेवढेच आले तर निघा. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलतायत, कण्हल्यासारखा आवाज येतोय, ओठ निळसर झालेत, श्वास मध्येच थांबला, यातलं एक जरी दिसलं तरी मोजत बसू नका. ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडतं आणि बाळ दूध ओढायचं सोडतं, आमच्या मुलीचं पहिलं लक्षण एवढंच होतं. घरी कफ सिरप देऊन वाट बघू नका.

१०८ आणि बाळाच्या डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवा, आजी-आजोबांना चष्म्याशिवाय दिसेल असा. दाराजवळ एक बॅग भरून ठेवा, दोन दुपटी, टोपी, मोजे, थर्मामीटर, चार्जर, थोडे रोख पैसे. डिस्चार्ज कार्ड आणि लसीचं कार्ड वरच्या कप्प्यात, कपड्यांखाली नको, रात्री दोन वाजता हाताला लागत नाही.