नावांच्या अर्थांची तुलना करताय? या चुका टाळा

उझबेक आणि इंग्रजी नावांची तुलना करणारे प्रबंध तपासताना एकच प्रकार पुन्हापुन्हा दिसतो: शब्दकोश उघडायचा, अर्थ उतरवायचा, तक्ता तयार.

एका प्रबंधात तुर्सुन, तोख्ता आणि ओल्मास ही नावं तीन वेगळ्या रकान्यांत होती. तुर्सुन म्हणजे 'राहो', म्हणून इच्छा. तोख्ता म्हणजे 'थांब', म्हणून आज्ञा. ओल्मास म्हणजे 'न मरणारा', म्हणून गुण. त्यावरून निष्कर्ष काढला होता की उझबेक नावांत आज्ञार्थ जास्त! अहो, ही तिन्ही नावं एकाच दुःखातून आली आहेत. आधीची मुलं दगावलेल्या घरात नव्या बाळाला ती ठेवत, हे तरी जगू दे म्हणून. बोल्ता म्हणजे कुऱ्हाड, तेशा म्हणजे वाकस. ही नावंही बाळावरचं अरिष्ट टळावं म्हणूनच ठेवलेली. त्यांना 'हत्यारं' या रकान्यात कोंबू नका. ज्यांच्या घराण्यात धोंडू, दगडू होऊन गेले, त्या मराठी विद्यार्थ्यांना तरी हे सांगावं लागू नये. तो प्रबंध मी परत पाठवला आणि नवा रकाना आखायला लावला: नाव कोणी ठेवलं, कशासाठी ठेवलं. मी स्वतः तो रकाना आधी भरते, अर्थाचा मागाहून.

दुसरी चूक इंग्रजीच्या बाजूने होते. मार्गारेट म्हणजे मोती, मार्वारिद म्हणजेही मोती; लावली जोडी. पण उझबेक बोलणारा मोत्याला आजही मार्वारिदच म्हणतो, त्यामुळे हाक मारताच अर्थ कानावर पडतो. मार्गारेटमधला मोती मात्र ग्रीकमध्येच राहून गेला. इंग्रजीत असा उघड अर्थ हवा असेल तर लिली, डेझी, होप, ग्रेस घ्या.

तेमूर म्हणजे लोखंड, म्हणून शेजारी स्मिथ मांडू नका. ते मुळात लोहाराच्या धंद्यावरून आलेलं आडनाव आहे.

ओल्मास उझबेक लॅटिन लिपीत लिहिताना 'ओ'ला जोडलेलं चिन्ह (Oʻ) गाळू नका. ते गेलं की 'न मरणारा'चा 'न घेणारा' होतो.

बेक, जोन, खोन ही नावामागे आदराने किंवा लाडाने जोडलेली शेपटं अर्थात मिळवू नका.

बाळांच्या नावांच्या संकेतस्थळांवरून अर्थ उचलू नका. तिथे विल्यमपुढे नुसतं 'रक्षक' लिहून मोकळे होतात. मूळ जर्मानिक नावात इच्छा आणि शिरस्त्राण असे दोन शब्द आहेत.

नावं थोडी घ्या, पण प्रत्येकाची घरची हकिकत विचारा. उझबेकमध्ये 'खोल' म्हणजे अंगावरचा तीळ, एवढं शब्दकोश सांगेल. अंगावर तीळ घेऊन जन्मला म्हणून मुलाचं नाव खोल्मत ठेवलं, हे त्याची आजीच सांगेल. शंभर नावांचा घाईत जमवलेला तक्ता माझ्याकडे आणू नका.