उतारवयात आयुष्याचा मागोवा कसा घ्यावा

सत्तरीच्या आसपास मन वारंवार मागे जाऊ लागते आणि घरातले म्हणतात, "कशाला जुनं उगाळत बसता?" अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी मात्र १९६३ मध्येच मांडले होते, की उतारवयात गतायुष्याचा आढावा घेणे ही स्वाभाविक प्रक्रिया असून तिच्यात मनात अडकून पडलेले जुने पेच पुन्हा वर येतात आणि त्यांची उकल होऊ शकते. तशी ती व्हावी यासाठी आढाव्याला थोडी शिस्त लावावी लागते.

जन्मापासून क्रमाने लिहायला बसू नये. त्यातून बहुधा बदल्या-बढत्यांची जंत्रीच हाती लागते. त्याऐवजी १९६१ चा पानशेतचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९८२ चा गिरणी संप अशा सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांपैकी आपल्याला लागू पडेल ती घ्यावी आणि त्या वेळी आपण कोठे राहत होतो, कमावते कोण होते, ताटात काय पडत होते, हे आठवावे. दुष्काळ म्हटला की कुणाला रेशनवरच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, भाकरी आठवेल, तर कुणाला खडी फोडून आलेल्या आईच्या हातांवरचे घट्टे. शाळा सोडल्याचा दाखलाही काढून पाहावा. त्यावर १ जून ही जन्मतारीख असेल, तर ती बहुधा गुरुजींनी अदमासाने घातलेली असते. खरा जन्म कोणत्या सणाच्या मागेपुढे झाला, हे वडीलधाऱ्या भावंडांना ते आहेत तोवर विचारून घ्यावे.

यानंतरचे काम कठीण आहे, आणि माझ्या मते तेच खरे काम आहे. सुटलेले शिक्षण, मोडलेले लग्न, भावांमधली वाटणी यांसारखे मनात सलणारे एकच प्रकरण निवडून ते दोनदा लिहावे. पहिल्यांदा त्या वेळी जसे वाटले तसे, राग न लपवता लिहावे. आठवडाभराने तेच समोरच्याच्या बाजूने लिहावे: विहीर स्वतःकडे ठेवणारा थोरला भाऊ तेव्हा किती वर्षांचा होता, त्याच्या डोक्यावर कर्ज किती होते, बहिणींची लग्ने कोणी उरकायची होती? अन्याय झाला असेल तर तो तसाच नोंदवावा. ओढूनताणून क्षमा करण्याची गरज नाही. मात्र आठवणींनी झोप उडत असेल किंवा उदासी हटत नसेल, तर लेखन थांबवून डॉक्टरांशी बोलावे.

"माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काय आहे?" असे म्हणणाऱ्या आजीला माहेरच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करू द्यावी. लिहिणे जमत नसेल तर नातवंडांनी तिचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, पण मध्येच तिची सनावळी दुरुस्त करू नये. हयात माणसांविषयीचा मजकूर वेगळ्या वहीत ठेवून ती कोणी आणि केव्हा वाचावी, हे पहिल्या पानावर स्पष्ट लिहून ठेवावे.