सीईओ नेमायचा आहे: संचालक मंडळानं स्वतः काय करायचं आणि सर्च फर्मवर काय सोपवायचं

सीईओ शोधण्याचं काम बाहेरच्या फर्मला देता येतं, निवडण्याचं नाही. ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्यातलं कलम १७३ संचालकानं स्वतःच्या बुद्धीनं निर्णय घेतला पाहिजे असं सांगतं, तर कलम १७४ वाजवी काळजी आणि कौशल्य वापरायला सांगतं. इतर देशांत शब्द वेगळे असले तरी अपेक्षा साधारण हीच असते. ‘फर्मनं सुचवलं म्हणून आम्ही घेतला’ हे उत्तर भागधारकांपुढे टिकत नाही.

समिती आणि वेळापत्रक

तीन ते पाच संचालकांची समिती नेमा आणि त्यात स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीत नोकरी किंवा हितसंबंध नसलेले, बहुसंख्य ठेवा. जाणाऱ्या सीईओचं म्हणणं ऐकून घ्या, पण त्यांना समितीत जागा देऊ नका. माणूस आपल्यासारखाच वारस निवडतो, नाहीतर आपल्यापेक्षा फिका. समितीतल्या कुणाला स्वतःलाच ते पद हवं असेल, तर त्यांनी पहिल्या बैठकीआधी लेखी कळवून बाहेर पडावं. उमेदवार एखाद्या संचालकाचा नातेवाईक किंवा धंद्यातला भागीदार निघाला, तर त्या संचालकानं त्या चर्चेतून उठून जावं आणि तशी नोंद इतिवृत्तात यावी. समितीनं शिफारस करायची. नेमणुकीचा ठराव पूर्ण मंडळाचा.

सुरुवातीपासून उमेदवाराचा होकार येईपर्यंत चार ते सहा महिने धरा. त्यापुढे त्याचा नोटीस पिरियड असतो, आणि या पातळीवर तो तीन ते सहा महिन्यांचा असू शकतो. म्हणजे खुर्ची रिकामी झाल्यावर शोध सुरू केला, तर जवळजवळ वर्ष हंगामी माणसावर काढावं लागतं. ‘उद्या सीईओ आले नाहीत तर कोण?’ या प्रश्नाचं एक नाव मंडळाकडे कायम लेखी असावं.

दोन पानांचं टिपण

कसा सीईओ हवा हे मंडळानं दोन पानांच्या टिपणात लिहायचं असतं. बहुतेक चुकीच्या नेमणुकांची सुरुवात इथेच होते, पहिला उमेदवार भेटण्याच्या कितीतरी आधी. ‘दूरदृष्टी असलेलं, निकालाभिमुख नेतृत्व’ असं लिहिलेलं टिपण कुठल्याही कंपनीला चालतं, म्हणजेच तुमच्या कामाचं नसतं.

आधी प्रत्येक संचालकाला एकेकट्यानं लिहायला सांगा: पुढच्या ३६ महिन्यांत नव्या सीईओनं कोणत्या तीन गोष्टी करून दाखवल्या पाहिजेत? मग कागद शेजारी शेजारी ठेवा. अर्ध्या जणांना कंपनी वाढवायची आहे आणि अर्ध्यांना विकायची, असं दिसलं तर शोध तिथंच थांबवा. हा वाद मंडळानं आपसात मिटवायचा असतो. नाही मिटवला, तर हुशार उमेदवार दुसऱ्या भेटीतच तो ओळखतो आणि मागे फिरतो. कमी हुशार उमेदवार होकार देतो.

एकमत झालं की चार-पाच मोजता येतील अशी उद्दिष्टं लिहा. उदाहरणार्थ: ‘दोन वर्षांत कर्ज हे व्याज, कर आणि घसारा धरण्याआधीच्या नफ्याच्या चार पटींवरून अडीच पटींवर आणणं.’ या एका ओळीतून अनुभवाची अट आपोआप निघते: कर्ज देणाऱ्यांसमोर बसून अटी बदलून घेतलेला आणि एखादा विभाग विकून दाखवलेला माणूस हवा. ‘याच उद्योगातला २० वर्षांचा अनुभव’ ही अट मात्र जपून घाला. ती सवयीनं येते आणि चांगली नावं उगाच गळतात.

सर्च फर्मशी करार

फर्म दोन तऱ्हेनं काम करतात. काहींना माणूस रुजू झाला तरच पैसे मिळतात; त्यांचा कल पटकन मिळेल तो माणूस पुढे करण्याकडे राहतो, म्हणून सीईओच्या पदासाठी ही पद्धत नको. दुसऱ्या पद्धतीत फक्त एकाच फर्मला काम देतात आणि शुल्क टप्प्याटप्प्यानं भरतात. ते रूढीनं पहिल्या वर्षाच्या रोख पगाराच्या एक तृतीयांश असतं आणि बहुधा तीन हप्त्यांत जातं. यातली मेख अशी की पगार वाढला की फर्मचं शुल्कही वाढतं. म्हणून शुल्क ठोक रकमेत ठरवा आणि पगाराची बोलणी फर्मच्या हाती देऊ नका.

सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या. पहिली, प्रत्यक्ष फोन कोण करणार. सादरीकरणाला मोठे भागीदार येतात आणि काम नवख्यांवर पडतं, हे नेहमीचं आहे. दुसरी, ‘हात न लावण्याची’ यादी: फर्म आपल्या इतर ग्राहक कंपन्यांतली माणसं ठरावीक काळ, साधारण एक-दोन वर्षं, उचलू शकत नाही. मोठ्या फर्मचे ग्राहक तुमच्याच क्षेत्रात भरपूर असतील, तर अर्धं मैदान तुमच्यासाठी आधीच बंद असतं आणि यादीत ती नावं का नाहीत हे तुम्हाला कधीच कळत नाही. तिसरी, तुमच्याकडे दाखवलेला उमेदवार त्याच काळात दुसऱ्या ग्राहकाला दाखवायचा नाही. चौथी, माणूस १२ महिन्यांच्या आत गेला तर पुन्हा शोध फक्त खर्चाच्या रकमेत.

आकड्यांत सांगायचं तर ३० ते ५० नावांची पाहणी, त्यातल्या ८ ते १२ जणांशी फर्मची बोलणी, समितीपुढे ४ ते ६ आणि शेवटी मंडळासमोर २ किंवा ३. शेवटी एकच नाव उरलं असेल तर ती निवड म्हणता येत नाही.

घरातल्या उमेदवारांना हेच प्रश्न, हाच क्रम आणि हेच गुण लावा. निवड न झालेला मोठा अधिकारी बऱ्याचदा सोडून जातो. त्याला निर्णय अध्यक्षांनी समोरासमोर सांगावा, तोही बाहेर जाहीर होण्याआधी.

मुलाखत

गप्पांच्या ओघात घेतलेली मुलाखत सगळ्यांना आवडते आणि तिच्यातून फार थोडं कळतं. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या अभ्यासात आखीव मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.५१, तर मोकळ्या मुलाखतीचा ०.३८ निघाला होता. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेरमांडणी केली तेव्हा आखीव मुलाखतीचा आकडा ०.४२ वर आला, तरी निवडीच्या साधनांत ती सगळ्यात वर राहिली.

आखीव म्हणजे सर्वांना तेच प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण कशासाठी द्यायचे हे आधीच लिहिलेलं. गुणपत्रिका चर्चेआधी जमा करायच्या. अध्यक्षांनी शेवटी बोलावं. ते आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात.

एक प्रश्न असा: ‘तुम्ही बंद केलेला एखादा प्रकल्प सांगा. बंद करा असं आधी कोण म्हणालं? तोवर किती पैसे गेले होते? संचालक मंडळाला कोणत्या बैठकीत कळवलं?’ पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पाठ केलेली असू शकतात. तिसऱ्यापाशी घोडं अडतं. वाईट बातमी वेळेवर मंडळापुढे आणलेल्या माणसाला ती बैठक आणि तिथली उलटतपासणी दोन्ही आठवतात. ‘मंडळाला सगळं ठाऊक होतंच’ असं मोघम उत्तर आलं की गुण दोनच्या वर नेऊ नका.

अंतिम दोघा-तिघांना गोपनीयतेचा करार करून मंडळाच्या बैठकीची निवडक कागदपत्रं द्या. वाचायला ४८ तास, मांडणीला २० मिनिटं आणि प्रश्नोत्तरांना ४० मिनिटं.

पडताळणी

उमेदवारानं दिलेली नावं त्याचं कौतुकच करणार. सहा ते आठ जणांशी बोला: वरिष्ठ, बरोबरीचे, हाताखालचे आणि जमल्यास एखादा कर्जदाता. हे फोन निदान दोन संचालकांनी स्वतः करावेत, कारण नेमणूक मोडली तर फर्मच्या पैशाला धक्का असतो. फोनआधी उमेदवाराची संमती घ्या आणि त्याच्या सध्याच्या कंपनीत अगदी शेवटी विचारा. ‘पुन्हा त्यांच्याबरोबर काम कराल का?’ असं विचारून गप्प बसा. उत्तराआधीचा थांबा वहीत टिपून ठेवा.

पदवी थेट विद्यापीठाकडून तपासून घ्या, माणूस कितीही मोठा असो. याहूच्या सीईओपदी जानेवारी २०१२ मध्ये आलेले स्कॉट थॉम्प्सन मे महिन्यात बाहेर पडले. त्यांच्या माहितीत अकाउंटिंगबरोबर कॉम्प्युटर सायन्सची पदवी लिहिलेली होती, ती त्यांनी घेतलेली नव्हती. एका पत्रानं कळलं असतं असं हे काम होतं. न्यायालयीन खटले, नियामकांचे आदेश आणि संचालक म्हणून अपात्रता हेही याच टप्प्यावर पाहायचं.

करार आणि पुढचे महिने

जुन्या कंपनीत बुडणाऱ्या बोनसची भरपाई मागितली जाईल. कागद पाहिल्याशिवाय आकडा मान्य करू नका, आणि भरपाई हप्त्यांत द्या. काढून टाकायची वेळ आली तर काय द्यायचं, ‘गैरवर्तन’ कशाला म्हणायचं, हे संबंध गोड असतानाच लिहून ठेवा. जर्मनीत पर्यवेक्षक मंडळ कार्यकारी मंडळातल्या सदस्याला एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांसाठीच नेमू शकतं. तुमच्याकडे असं बंधन नसलं तरी मुदत घालणं शहाणपणाचं. किती रकमेवरचा खर्च मंडळाकडे यायचा तो अधिकारांचा तक्ता रुजू होण्याच्या दिवशी हातात पडावा.

कंपनीची शेअर बाजारात नोंद असेल तर या शोधाला सांकेतिक नाव द्या, माहिती असणाऱ्यांची यादी ठेवा आणि बातमी फुटली तर द्यायचं चार ओळींचं निवेदन आधीच तयार ठेवा.

खालच्या पदांत मंडळानं फार नाक खुपसू नये. विक्रीप्रमुख सीईओनं निवडावा. वित्तप्रमुख आणि अंतर्गत लेखापरीक्षणाचा प्रमुख मात्र लेखापरीक्षण समितीनं भेटल्याशिवाय नेमू नये.

जुने सीईओ काही आठवड्यांत इमारतीतून बाहेर पडलेले बरे; सल्लागार म्हणून शेजारच्या खोलीत बसले की लोक आधी तिकडे जातात. सहाव्या महिन्यात तेच दोन पानांचं टिपण काढून आढावा घ्या. नेमलेल्या उमेदवाराच्या गुणपत्रिका पाकिटात बंद ठेवल्या असतील, तर त्या बाराव्या महिन्यात उघडा. कोणत्या प्रश्नानं खरं सांगितलं आणि कोणता संचालक नुसत्या रुबाबावर गुण देतो, दोन्ही तिथं दिसतं, आणि पुढच्या समितीत कुणाला घ्यायचं हे त्यावरून ठरवता येतं.