बायसेक्टच्या हाती देण्याजोगी कर्नल-तपासणीची स्क्रिप्ट

लिनक्स कर्नलच्या मागच्या आवृत्तीत नीट चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत चालेनाशी झाली, तर दोष कोणत्या कमिटने (गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात नोंदवलेल्या एका बदलाने) आणला हे 'गिट बायसेक्ट रन' शोधून देते. दर फेरीला ते उरलेल्या कमिटमधली साधारण मधली कमिट निवडते, आपली स्क्रिप्ट चालवते आणि तिच्या एक्झिट कोडवरून (संपताना ती परत करते त्या आकड्यावरून) पुढची दिशा ठरवते. त्यामुळे हजार कमिटच्या पल्ल्यालाही दहाच्या आसपास फेऱ्या पुरतात. मात्र एका फेरीचे उत्तर जरी चुकले, तरी ठपका भलत्याच कमिटवर येतो आणि ते आपल्याला कळतही नाही. म्हणून अशा स्क्रिप्टने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: आपण शोधत असलेला दोष या कर्नलमध्ये आहे की नाही?

एक्झिट कोड ० म्हणजे चांगले. १ ते १२७ म्हणजे वाईट. त्यातला १२५ हा अपवाद, ज्याचा अर्थ 'या कमिटबद्दल सांगता येत नाही, ती वगळा' असा होतो. १२८ किंवा त्याहून मोठा कोड आल्यास शोध तिथेच थांबतो. यातला सापळा असा की, एखादी आज्ञा सापडली नाही तर शेल १२७ परत करते, म्हणजे स्क्रिप्टमधली टंकनाची चूक कर्नलच्या माथी मारली जाऊ शकते. यासाठी प्रत्येक पायरीचे अपयश तिथल्या तिथे पकडून त्याचा कोड आपण स्वतः ठरवावा.

बांधणी, म्हणजे स्रोतापासून कर्नल तयार करणे, सोपी आहे. स्क्रिप्ट गिटच्या झाडाबाहेर (स्रोताच्या डिरेक्टरीबाहेर) ठेवावी आणि बांधणीची डिरेक्टरीही वेगळी द्यावी. प्रत्येक फेरीत जपून ठेवलेली कॉन्फिग फाइल नव्याने आणून 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवावे. 'ओल्डकॉन्फिग' नव्या पर्यायांबद्दल प्रश्न विचारत थांबते, तर हे त्यांची मूळ मूल्ये मुकाट्याने स्वीकारते. मेकचा मजकूर पडद्यावर दिसावा आणि फाइलमध्येही उतरावा म्हणून पाइपने 'टी' आज्ञेकडे पाठवत असाल तर बॅशमध्ये 'पाइपफेल' चालू करणे आवश्यक आहे, कारण एरवी पाइपलाइनचा कोड शेवटच्या आज्ञेचा असतो आणि फसलेली बांधणीही यशस्वी भासते. बांधणी फसली तर १२५ परत करावा.

खरे कौशल्य कर्नल सुरू करून निकाल वाचण्यात आहे. स्थिर जोडणीचा (बाहेरच्या लायब्ररी न लागणारा) बिझीबॉक्स हा नेहमीच्या आज्ञांचा संच आणि 'इनिट' नावाची छोटी शेल स्क्रिप्ट एवढ्यावर इनिटरॅमएफएस, म्हणजे कर्नल सुरू होताना मेमरीत उघडणारी छोटी फाइल सिस्टम, तयार होते. ते सीपीआयओ या संग्रह-फाइलच्या 'न्यूसी' स्वरूपात बांधावे. 'इनिट'ने चाचणी करावी, निकालाची ओळ छापावी आणि यंत्र बंद करावे. ती नुसतीच संपली, तर पहिली प्रक्रिया मेली म्हणून कर्नल पॅनिक होतो, म्हणजे सावरता न येणाऱ्या चुकीमुळे काम थांबवतो. क्यूईएमयू या आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामला हे इनिटरॅमएफएस आणि कर्नलची प्रतिमा द्यावी, कन्सोल सिरियल पोर्टवर वळवावा, कर्नलच्या 'पॅनिक' पॅरामीटरला उणे १ हे मूल्य द्यावे आणि क्यूईएमयूचा 'नो-रीबूट' पर्याय वापरावा. त्यामुळे पॅनिक होताच कर्नल रीबूट करू पाहतो आणि क्यूईएमयू बंद होते. तरीही सगळे गोठण्याची शक्यता उरते, म्हणून ही आज्ञा 'टाइमआउट'मध्ये गुंडाळावी. मुदत संपल्यास ते १२४ परत करते.

क्यूईएमयूच्या कोडवर मात्र विसंबू नये, कारण यंत्र नीट बंद झाले काय आणि पॅनिकनंतर बंद झाले काय, तो शून्यच येतो. निकाल लॉगमधूनच घ्यावा. 'ऊप्स' (कर्नल स्वतःच्या चुकीची नोंद करताना छापतो तो शब्द) दिसला नाही म्हणजे सारे ठीक, हा निष्कर्ष धोक्याचा आहे. कर्नल सुरूच झाला नसेल तरी तो शब्द दिसणार नाही. यशाची ओळ दिसली तर ०, आपल्या दोषाची ठरावीक खूण दिसली तर १, आणि दोन्ही नसतील तर १२५, असा क्रम माझ्या मते सर्वांत भरवशाचा. गोठणे हाच मूळ दोष असेल, तरच १२४ ला वाईट मानावे. यशाची खूण कर्नलच्या कमांड लाइनमध्ये लिहू नये, कारण कर्नल ती ओळ सुरुवातीलाच लॉगमध्ये छापतो. तसेच सिरियल कन्सोलवरील ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न हा न दिसणारा वर्ण असतो, म्हणून 'ग्रेप' या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने संपूर्ण ओळ जुळवण्याआधी तो काढून टाकावा.

शोध सुरू करण्यापूर्वी एका निश्चित चांगल्या आणि एका निश्चित वाईट कमिटवर स्क्रिप्ट हाताने चालवून पाहावी. दोष अधूनमधूनच दिसत असेल, तर एकाच कर्नलवर चाचणी अनेकदा करावी: दर दोन चाचण्यांत सरासरी एकदा दिसणारा दोष सलग सात वेळा निसटण्याची शक्यता १२८ मध्ये १ असते. एकदा जरी तो दिसला तरी लगेच १ परत करावा. ० मात्र सर्व वेळा यश मिळाल्यावरच द्यावा.